डुक्कर फियाटखाली पद्मिनीच्या कमानी

सकाळी 8

डुक्कर फियाट कालच घोड्यांवर चढवलीय. 1950 च्या दशकातली 1100, गोलमटोल ठेवणीमुळे ते नाव पडलेली. शेजारी डोनर पद्मिनी, जिचे मागचे भाग हिला बसवायचे आहेत. तिचा तळ सडलाय, पण मागच्या ॲक्सलचं हाउसिंग आणि दोन्ही कमानी ठणठणीत आहेत. दोन्ही गाड्या कुर्ल्याच्या प्रीमियरच्या, फियाट 1100 च्याच घराण्यातल्या. तरी घराणं एक म्हणून माप एक, असं मी धरत नाही. पोरगा टेपचं टोक धरतो, मी आकडे खडूने जमिनीवरच लिहितो : कमानींमधलं अंतर, डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची लांबी, ड्रमपासून ड्रमपर्यंतची रुंदी.

9.30

पद्मिनीच्या कमानी खोलायच्या. सेंटर बोल्ट सोडण्याआधी पाटे शिकंज्यात आवळून घेतो, नाहीतर ते उसळून हात फोडतात. तारेच्या ब्रशने प्रत्येक पाटा घासायचा, तडा गेलाय का ते उजेडात धरून बघायचं, मग ग्रॅफाइट ग्रीस लावून पुन्हा रचायचे. शॅकलच्या पिना झिजल्यात. नमुना देऊन पोराला अंबाडीच्या पुलावरून पूर्वेला, सातिवलीच्या लेथवर पाठवतो.

11

मालक अंकल येतात. त्यांच्या नातवाने अमेरिकन हॉट रॉडचे व्हिडिओ दाखवलेत. तिथे जॅग्वारचं मागचं अख्खं सस्पेन्शन जुन्या फोर्डखाली बसवतात. 1961 मध्ये ई-टाइपबरोबर आलेला तो संच मला मनापासून आवडतो. दोन्ही चाकं स्वतंत्र हलतात, ब्रेक डिस्क डिफरन्शियलला चिकटून असतात, आणि सगळं एका चौकटीत असल्यामुळे अख्खं काढता येतं.

“मग आपण का नाही करायचं?” अंकल विचारतात.

“अंकल, त्यासाठी तुमच्या गाडीचा तळ कापावा लागेल. हिला वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच चेसिस.”

शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये स्पष्ट सांगितलं की कंपनीच्या मूळ नोंदींशी विसंगत बदल चालणार नाहीत. 2021 च्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसेल तरच. मला हे पटतं. इतक्या कमी उरलेल्या गाडीशी डोनरने जुळवून घ्यावं, गाडीने डोनरशी नाही.

दुपारी 12

हातोडीने डुक्करचा तळ ठोकत जातो. खणखणीत आवाज आला की पुढे. डाव्या शॅकलच्या ब्रॅकेटपाशी आवाज बद्द येतो. रंग खरवडला तर खाली पुटीन, पुटीनखाली गंज, आणि पूर्वी कोणीतरी मारलेलं जाड वेल्डिंग. कर्ण मापले : डावं ब्रॅकेट सहा मिलिमीटर मागे. एवढ्या फरकाने हाउसिंग तिरकं बसतं आणि गाडी रस्त्यावर खेकड्यासारखी चालते. होल लांबवून बोल्ट कसाबसा घालता येतो. मी ते करत नाही. जुनं वेल्डिंग कापतो, पत्रा स्वच्छ धातू दिसेपर्यंत मागे नेतो.

2.30

पेट्रोलची टाकी आधीच उतरवलेली, बॅटरीची वायर सोडलेली. ब्रॅकेटला आधी चार टाके. पुन्हा कर्ण मापायचे. जुळले, मग पुरतं वेल्डिंग, थोडं थोडं करत, पत्रा ओढला जाऊ नये म्हणून.

4.30

लेथवरून पिना आल्या. कमानी चढल्या, जॅकवर हाउसिंग वर आलं, यू बोल्ट आळीपाळीने आवळले. प्रोपेलर शाफ्ट जोडून हाताने फिरवला. कुठेही अडकत नाही. नवे ब्रेक पाइप, मग पोरगा पॅडल दाबतो, मी हवा काढतो. डिफरन्शियलमध्ये 90 नंबरचं ऑइल.

संध्याकाळी 7

चाकं लावून गाडी जमिनीवर घेतली. मागून दाबून दाबून कमानी बसवल्या आणि आता, गाडीचं पूर्ण वजन आल्यावर, बुशचे बोल्ट शेवटचे आवळले. लटकत्या कमानीवर आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

अंकलना पद्मिनीची आर.सी. परत दिली, नोंदणी रद्द करायला. उद्या चालवून बघायची, मग यू बोल्ट पुन्हा एकदा.