जुन्या मोटारीतील गिअरबॉक्स बदल व क्लचची निवड : एक तांत्रिक विवेचन

प्रस्तावना :

जुन्या मोटारीचे मूळ इंजिन कायम ठेवून तिला नव्या पिढीचा गिअरबॉक्स जोडण्याची पद्धत जुन्या स्पोर्ट्स मोटारींच्या जतनात जगभर रूढ झालेली आहे. १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली एम. जी. बी. ही ब्रिटिश मोटार हे त्याचे परिचित उदाहरण होय. तिला चारच पुढचे गिअर होते आणि १९६७ पर्यंतच्या गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रोमेशची सोय नव्हती. म्हणून फोर्ड सिएरा मोटारीतील पाच गिअरचा 'टाइप नाइन' बॉक्स तिला बसविला जातो. अशा कामात सारे लक्ष बॉक्सकडे जाते आणि क्लचचा विचार शेवटी होतो. वस्तुतः क्लच चुकला तर बसविलेला बॉक्स पुन्हा खाली उतरवावा लागतो व मजुरी दुप्पट होते.

धाराशिव जिल्ह्यात स्पोर्ट्स मोटार क्वचितच दृष्टीस पडेल. परंतु जुन्या पेट्रोल जीपला डिझेल इंजिन व दुसरा गिअरबॉक्स बसविण्याचे काम मराठवाड्यातील गॅरेजांना नवे नाही, आणि प्रश्न तेथेही तोच उद्भवतो.

कारखान्याने काढलेली वाट :

महाराष्ट्रातील एक उदाहरण येथे उद्बोधक ठरते. मुंबईतील कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९८५ मध्ये '११८ एन. ई.' ही मोटार बाजारात आणली. तिचा सांगाडा फियाट १२४ चा, तर इंजिन निस्सान कंपनीच्या ए-१२ जातीचे, ११७१ घनसेंटिमीटर क्षमतेचे होते. गिअरबॉक्सही निस्सानचाच घेण्यात आला. इंजिन व बॉक्स एकाच कुळातील असल्याने या दोहोंमधला क्लच जुळविण्याचा प्रश्नच उरला नाही. हौशी मालकाला मात्र ही सोय नसते. त्याच्याकडे इंजिन एका घरचे आणि बॉक्स दुसऱ्या घरचा असतो, आणि क्लचला दोन्ही घरे सांभाळावी लागतात.

क्लचचे दुहेरी नाते :

येथे मूळ तत्त्व ध्यानात घेणे आवश्यक आहे. प्रेशर प्लेट फ्लायव्हीलला बोल्टने आवळली जाते. म्हणून तिचा व्यास व बोल्टांची छिद्रे इंजिनाप्रमाणे ठरतात. क्लच प्लेटच्या मध्यभागी असलेले दाते मात्र गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सरकतात. ते बॉक्सप्रमाणे हवेत. म्हणजेच बाहेरून इंजिनाची आणि आतून बॉक्सची अशी संमिश्र प्लेट शोधावी लागते. दात्यांची संख्या व शाफ्टचा व्यास दोन्ही जुळले पाहिजेत. 'जवळपास बसते' म्हणून प्लेट ठोकून बसविली, तर ती शाफ्टवर मोकळी सरकत नाही, क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर टाकताना खरखर होते. शाफ्टचे टोक क्रँकच्या मागील बुशामध्ये शिरते; तो बुशही नव्या शाफ्टच्या मापाचा लेथवर करून घ्यावा लागतो.

क्षमतेचे गणित :

क्लच किती पीळ पेलू शकेल हे काढण्याची रीत सोपी आहे. घर्षणांक, दाब, सरासरी त्रिज्या व घर्षणाच्या बाजूंची संख्या, म्हणजे दोन, यांचा गुणाकार करावयाचा. समजा लायनिंगचा बाहेरील व्यास २०० मिलिमीटर, आतील १३०, घर्षणांक ०.३ आणि दाब ४००० न्यूटन आहे. सरासरी त्रिज्या ८२.५ मिलिमीटर येते व क्षमता १९८ न्यूटन-मीटर भरते. एम. जी. बी. च्या १७९८ घनसेंटिमीटर इंजिनाचा कमाल पीळ सुमारे १४९ न्यूटन-मीटर आहे. म्हणजे एक तृतीयांश राखीव क्षमता हाती राहते. नित्य वापराच्या गाडीस ती पुरेशी मानावी. मात्र क्रँकच्या मागील सीलमधून तेल झिरपून घर्षणांक निम्म्यावर आला, तर हीच क्षमता ९९ वर घसरते आणि तुळजापूरच्या घाटात क्लच घसरू लागतो. तेव्हा सील जुने ठेवून प्लेट नवी घालणे ही काटकसर नव्हे.

या गणितावरून 'जितका कडक क्लच तितका चांगला' असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. पॅडल दाबताना स्प्रिंगविरुद्धचा जोर रिलीज बेअरिंगमार्फत क्रँकवर आडवा जातो व तो क्रँकच्या थ्रस्ट वॉशरना सोसावा लागतो. जुन्या इंजिनात ते आधीच झिजलेले असतात. शर्यतीचा क्लच रस्त्यावरच्या गाडीला घालण्याचा मोह त्यामुळे टाळलेला बरा; बाजारपेठेच्या गर्दीत तो चालकाच्या गुडघ्यालाही नकोसा होतो.

डिझेल इंजिन बसविलेल्या जीपमध्ये गणित थोडे निराळे होते. डिझेलचा पीळ कमी फेऱ्यांवरच मिळतो व त्याचे ठोके तीव्र असतात. म्हणून प्लेटच्या मध्यभागी धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगा असणे केव्हाही इष्ट.

रिलीज बेअरिंग व हायड्रॉलिक व्यवस्था :

सर्वाधिक चुका येथेच घडतात. एम. जी. बी. मध्ये मुळात ग्रॅफाइटचे रिलीज बेअरिंग आहे. ते प्रेशर प्लेटला सतत टेकून राहिले तर झिजते. उलट शाफ्टभोवती बसणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरचे छऱ्यांचे बेअरिंग सतत टेकून फिरण्यासाठीच घडविलेले असते. बॉक्स बदलला की बेअरिंगपासून प्रेशर प्लेटच्या बोटांपर्यंतचे अंतर बदलते. ते मापपट्टीने मोजल्याखेरीज बॉक्स वर चढवू नये. सिलिंडरांचे व्यासही पाहावेत. मास्टर सिलिंडर १९ मिलिमीटरचा, स्लेव्ह २२ चा आणि मास्टरची चाल २५ मिलिमीटर असेल, तर स्लेव्ह सुमारे १८.६ मिलिमीटर सरकतो. तेथे भंगार बाजारातून आणलेला १९ चा स्लेव्ह बसविला, की तो पूर्ण २५ मिलिमीटर सरकतो, पॅडल जड होते आणि डायफ्रॅम स्प्रिंगची बोटे मर्यादेपलीकडे वाकतात.

कायदेशीर बाजू :

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील फेरबदलांवर निर्बंध आहेत. मूळ उत्पादकाच्या तपशिलाविरुद्ध फेरबदल करता येत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या मोटारीस 'व्हिंटेज' नोंदणी मिळते. पण ती मूळ स्वरूपात जतन केलेली असावी आणि तिच्या चासी, सांगाडा वा इंजिनात फेरबदल झालेला नसावा. गिअरबॉक्सचे नाव या यादीत नाही. तथापि 'मूळ स्वरूप' या शब्दांचा अर्थ तपासणी करणारा अधिकारी कसा लावील हे गृहीत धरता येत नाही. म्हणून बॉक्ससाठी चासी कापावी लागणार नाही अशीच जोडणी निवडावी, मूळ बॉक्स व क्लच भंगारात न देता जपून ठेवावेत आणि एम. एच. २५ क्रमांकाच्या गाडीच्या मालकाने काम सुरू करण्यापूर्वीच धाराशिवच्या परिवहन कार्यालयात चौकशी करावी.