वॉकीटॉकी : डब्यावरचे किलोमीटर, गल्लीतले मीटर

ज्यांचे काम दुकान, गोदाम आणि कारखाना असे विखुरलेले आहे, किंवा जे मंडप आणि केटरिंगचा धंदा करतात, त्यांना वॉकीटॉकी मोठी सोयीची. नंबर लावा, घंटी वाजू द्या, समोरचा उचलेपर्यंत थांबा, ही कटकट नाही. बटण दाबले की बोलणे सुरू, आणि बोलण्याचा खर्च काही नाही. पण डब्यावर छापलेले अंतर पाहून जोडी घेणाऱ्याची हमखास निराशा होते.

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या काही संचांवर चक्क ३५ मैल लिहिलेले असते. हा आकडा साफ खोटा म्हणता येत नाही. एक माणूस डोंगरमाथ्यावर, दुसरा खालच्या दरीत, मध्ये आडकाठी नाही, अशा वेळी आवाज दूर जातो. आमचे व्यापारी बांधव मात्र बाजारपेठेत बसतात!

या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. सपाट जमिनीवर उभ्या दोघांच्या तोंडाशी संच असतील, तर पृथ्वीची गोलाईच त्यांना साधारण १० किलोमीटरच्या आसपास अडवते; तीही मध्ये झाड, भिंत काही नसताना. विटांची भिंत थोडा जोर खाते, सिमेंटचा स्लॅब आणि लोखंडी शटर त्याहून बराच. दाट वस्तीत अर्धा किलोमीटर स्वच्छ ऐकू आले तर संच चांगला समजावा. गच्चीवर चढून बोलल्यास फरक लगेच जाणवतो.

मग जास्त वॅटचा संच घ्यावा काय? मोकळ्या जागेतही ताकद चौपट केली तर अंतर जेमतेम दुप्पट होते, गल्लीबोळात तेवढेही नाही. शिवाय कायदा आहे. भारतात २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी ताकदीच्या संचांना परवान्यातून सूट दिली. या पट्ट्याबाहेरचा संच विनापरवाना बाळगणे बेकायदा आहे. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा संचांच्या विक्रीबद्दल ऑनलाइन कंपन्यांना नोटिसा दिल्या. म्हणून, वापरणाऱ्याने आणि विशेषतः विकणाऱ्याने, संचाची फ्रिक्वेन्सी आणि सरकारी ईटीए मंजुरी पाहूनच माल उचलावा. स्वस्तात आलेला लॉट पुढे महागात पडू शकतो.

घेण्यापूर्वी एक जोडी मागून आपल्याच जागेत चालवून पाहावी. एकाने गल्ल्यावर बसावे, दुसऱ्याने बोलत बोलत गोदामाच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत जावे. बोलताना अँटेना उभी असावी. कमरेला लटकवलेल्या संचाचा बराच जोर अंगातच जिरतो.

आणि ‘प्रायव्हसी कोड’वर विसंबू नये. त्याने इतरांचे बोलणे आपल्याला ऐकू येत नाही एवढेच. आपले बोलणे त्याच चॅनेलवरच्या कोणालाही ऐकता येते. माल कोणत्या भावाने सोडायचा, हे मात्र फोनवरच सांगावे.