कॅमेऱ्याची आठवण किती दिवसांची?

दारावरचा कॅमेरा रात्रंदिवस पाहतो. पण पाहिलेले किती दिवस टिकते, हा प्रश्न बहुधा चोरी झाल्यावरच पडतो. हिशोब सोपा आहे. सेकंदाला २ मेगाबिट वेगाने चित्रण करणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे २१.६ गिगाबाइट जागा घेतो. असे चार कॅमेरे १ टेराबाइटची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरतात.

घरच्या संगणकावर हे काम ‘फ्रिगेट’सारखे मोफत सॉफ्टवेअर करते. ते ‘डॉकर’च्या कंटेनरमध्ये, म्हणजे लागणारे सारे सामान भरलेल्या एका डब्यात, चालते. हा डबा केव्हाही काढून नवा बसवता येतो. म्हणूनच चित्रण डब्यात ठेवू नये. डब्याबरोबर तेही जाते. त्यासाठी वेगळ्या डिस्कवरचा फोल्डर जोडून द्यावा. मात्र ती डिस्क जोडलेली आहे ना, हे अधूनमधून पाहावे. नाहीतर चित्रण मुकाट्याने मूळ डिस्कवर साठते आणि संगणकच अडतो. डॉकरच्या नोंदींनाही आकाराची मर्यादा घालावी.

तासाभराचीच जागा उरली, की फ्रिगेट सर्वांत जुने चित्रण पुसते. पंधरा दिवसांनी गावाहून परतलात, तर पहिल्या रात्रीची चोरी पुसलेली असेल! यावर उपाय म्हणजे सलग चित्रण दोन-तीन दिवस ठेवावे, माणूस दिसला तेवढे प्रसंग महिनाभर. महत्त्वाचा प्रसंग लगेच दुसरीकडे उतरवून घ्यावा.

काय विसरायचे हे आपण ठरवले नाही, तर ते डिस्क ठरवते.