खाट आणि वाट

टेंभुर्णीला नगर-करमाळ्याकडून येणारा रस्ता पुणे-सोलापूर महामार्गाला मिळतो. तिथून पंढरपूर उरतं चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. आषाढी जवळ आली की नाशिक-नगरकडच्या दिंड्या या मुलखात उतरतात. त्र्यंबकेश्वराहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखीही नगर, करमाळा करत करकंबमार्गे पंढरीला जाते. साडेचारशेच्या आसपास किलोमीटरची ही चाल तीन आठवड्यांहून जास्त दिवसांची. या दिवसांत रस्त्याच्या कडेला उभं राहून चालणाऱ्यांकडे बघावं. साठी-सत्तरी कधीच ओलांडलेल्या बाया डोक्यावर तुळस घेऊन चाललेल्या असतात. पाठीला बाक आलेले आजोबा टाळ वाजवत पावली टाकत असतात. उसाला आणि केळीला पाणी देऊन, पेरण्या उरकून घरून निघालेली ही माणसं. रोज पंधरा-वीस किलोमीटर, आणि पहाटे पुन्हा काकड्याला उभी! हे शरीर नेमकं चालतं कशावर, हा प्रश्न मला दरवेळी नव्याने पडतो.

त्याचं अर्धं उत्तर सापडतं ते चालणाऱ्यांकडे नाही, झोपलेल्यांकडे. 1966 साली अमेरिकेतल्या डॅलस शहरात विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना संशोधकांनी तीन आठवडे खाटेवर झोपवून ठेवलं. आजार काही नाही, फक्त पडून राहायचं. उठल्यावर मोजलं, तर श्रमाच्या वेळी प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता, म्हणजे आपण ज्याला दमसास म्हणतो तो, पाव हिश्शाहून जास्त घटला होता. तीस वर्षांनी, 1996 मध्ये, त्याच पाच जणांना पुन्हा बोलावलं. आता ते पन्नाशीत होते, अंगावर चरबी चढलेली होती. पुन्हा मोजमाप झालं आणि थक्क करणारी गोष्ट समोर आली. तीस वर्षांच्या वयाने त्यांचा जेवढा दमसास नेला होता, त्याहून जास्त विशीतल्या त्या तीन आठवड्यांनी नेला होता. पुढे सहा महिने त्यांनी बेताबेताने वाढवत चालणं, पळणं, सायकल मारणं असा व्यायाम केला, आणि वयाने नेलेला दमसास परत आला. पार विशीतल्या मूळ पातळीपर्यंत!

म्हणजे ज्याला आपण म्हातारपण म्हणून मोजतो, त्यातला केवढा तरी भाग पडून राहण्याचा असतो. सगळा मात्र नाही. वय आपलं काम करतंच, आणि ते कसं करतं हे कळलं की शरीराबद्दलचा आदर वाढतो.

मांडीचा स्नायू हजारो बारीक तंतूंचा असतो. पाठीच्या कण्यातली एकेक चेतापेशी अशा शेकडो तंतूंना हुकूम देते. साठीनंतर या चेतापेशी कमी होत जातात. एक गेली की तिचे तंतू पोरके होतात, आणि हुकूम न मिळालेला तंतू वाळत जातो. पण शेजारची जिवंत चेतापेशी नवी फांदी फोडते, त्या पोरक्या तंतूंपर्यंत पोचवते आणि त्यांना आपल्या घरात घेते. या क्षणी आपल्या घरातल्या आजीच्या मांडीत हे चाललेलं असेल. घरात घेणारी पेशी बहुधा संथ चालीची असते, म्हणून तिने घेतलेले चपळ तंतूही हळूहळू संथ होतात. ठेच लागल्यावर झटकन सावरायला लागतात ते हेच चपळ तंतू. म्हातारपणी माणूस मैलभर चालू शकतो, पण उंबऱ्याला अडखळून पडतो, यामागचं एक कारण हे आहे.

उरलेला स्नायू किती वयापर्यंत शिकतो? 1990 मध्ये बॉस्टनहून एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वृद्धांच्या निवासात राहणारे, 86 ते 96 वर्षांचे, थकलेले दहा जण. त्यांच्याकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलून घेतलं, आणि वजनही नावापुरतं नाही, झेपेल तेवढं जड. शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांच्या पायांतली ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट झाली. दोघांची काठी सुटली. नव्वदीतला स्नायू ऐकत होता, आजवर त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

हे डोक्यात ठेवून पुन्हा दिंडीकडे पाहिलं की वेगळंच दिसू लागतं. 1997 मध्ये स्वीडनमधून आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात संशोधकांनी वृद्धांसोबत चालता चालता बोलायला सुरुवात केली, आणि बोलायचं म्हणून कोण थांबतं ते टिपलं. थांबणाऱ्या बारा जणांपैकी दहा जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. चाल सांभाळायलाच सगळं लक्ष खर्च होत असेल, तर बोलण्यापुरतंही उरत नाही. आणि इथे दिंडीत काय चाललेलं असतं? तोंडी अभंग, हातात टाळ, डोक्यावर तुळशीचा तोल, पाय पुढे दोन, मागे एक. चालीवर कान, शेजाऱ्याच्या खांद्यावर नजर. मेंदू आणि पाय यांना एकत्र कामाला लावणारी इतकी भरगच्च तालीम मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

पंगतही तशीच तालीम, जमिनीवर बसण्या-उठण्याची. ब्राझीलमध्ये 51 ते 80 वयाच्या 2002 जणांना जमिनीवर बसून उठायला सांगितलं. हात, गुडघा टेकला की गुण कमी. काही वर्षांनी पाहिलं, तर सर्वांत कमी गुण मिळालेल्यांत मृत्यूचं प्रमाण सर्वांत जास्त गुणवाल्यांच्या पाचपटीहून अधिक होतं. जे आधीच आजारी असतात त्यांना उठायला जड जातं, हे त्यात धरायला हवं. तरीही जमिनीवरून उठणं ही शरीराची केवढी मोठी साक्ष आहे! आपल्याकडे ती साक्ष दिवसातून दहा वेळा निघायची. टेबल-खुर्ची घरात आली, आणि आपण ती साक्ष काढायचंच सोडून दिलं.

पण हे बळ रोजच्या सवयीचं, म्हणून वर्षभर न चाललेल्या माणसाने एकदम दिंडीत शिरू नये, हे मी काळजीने सांगतो. ज्या म्हाताऱ्यांचं आपल्याला नवल वाटतं, त्यांची वारी शेतात, गोठ्यात, विहिरीच्या वाटेवर बारा महिने चालू असते. शिवाय ते एकटे नसतात. दिंडीत प्रत्येकाची जागा ठरलेली असते. वीणा कोणाच्या गळ्यात, तुळस कोणाच्या डोक्यावर, भाकरीला कोण, हे सगळ्यांना ठाऊक असतं. एखादी आजी मागे राहिली, तर पुढच्या विसाव्याला तिची विचारपूस होते. तिच्यावाचून चाल अडते, आणि तिला ते माहीत असतं.

मुक्कामाला पंगत बसते. जेवण होतं, हरिनामाचा गजर होतो. पंचाहत्तरीची एक माउली खरकटी पत्रावळ उचलते, दुसऱ्या हाताने पदर सावरते, आणि दोन्ही हात अडकलेले असताना, जमिनीला बोटही न लावता उभी राहते. बाजूच्या तरुण मुलाने तिला उठवायला पुढे केलेला हात तसाच राहतो.