भातमळ्यातील खेळपट्टीपासून रणजीपर्यंत : होतकरू क्रिकेटपटू घडतो कसा?

पावसाळी भाताची कापणी संपली, मळे वाळले की पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील गावोगावी एक परिचित दृश्य दिसू लागते. शेताचा एक पट्टा सपाट केला जातो, बांधावर प्रेक्षक बसतात आणि टेनिस चेंडूच्या स्पर्धा सुरू होतात. सीमेपलीकडील सावंतवाडी-दोडामार्ग भागातील संघही या स्पर्धांना येतात. अशा सामन्यांत एखादा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा सहज षटकार मारतो, तेव्हा ‘हा रणजी खेळणार’ असे भाकीत कुणीतरी करतोच. परंतु त्या मळ्यापासून रणजी करंडकापर्यंतच्या वाटेवर पायऱ्या किती, त्या बांधतो कोण आणि त्यांचा खर्च सोसतो कोण, हे पालकांना बहुधा ठाऊक नसते.

होतकरू खेळाडूंची पद्धतशीर जोपासना करणारी जगातील सर्वांत जुनी आणि विस्तृत यंत्रणा अमेरिकी बेसबॉलमध्ये आहे. तिला ‘फार्म सिस्टिम’, म्हणजे शब्दशः शेतीची पद्धत, असे म्हणतात. १९२० च्या दशकात सेंट लुईस कार्डिनल्स या संघाचे व्यवस्थापक ब्रँच रिकी यांनी ती उभी केली. न्यूयॉर्कसारख्या महानगरांतील धनाढ्य संघ तयार खेळाडू मोठ्या रकमा देऊन पळवीत. कार्डिनल्सपाशी तेवढा पैसा नव्हता. तेव्हा रिकी यांनी लहान शहरांतील कनिष्ठ संघ ताब्यात घेऊन तेथे कोवळ्या वयाचे खेळाडू वाढविण्यास आरंभ केला. १९२६ मध्ये कार्डिनल्सने जागतिक मालिका जिंकली आणि पुढे इतर संघांनीही हाच मार्ग धरला. ज्याला पीक विकत घेणे परवडत नाही त्याने पेरणी करावी, असा या पद्धतीमागील साधा हिशेब होता.

आज अमेरिकेत मुख्य साखळीतील ३० संघांशी १२० कनिष्ठ संघ जोडलेले आहेत. नवोदितांच्या साखळीतून खेळाडू ‘ए’, ‘उच्च ए’, ‘डबल ए’ आणि ‘ट्रिपल ए’ अशा पायऱ्या चढतो. बहुतेकांची वाट मध्येच संपते, मुख्य साखळीत थोडेच पोहोचतात. मात्र कोणत्याही पायरीवरील खेळाडू हा मूळ संघाचा करारबद्ध कर्मचारी असतो. या खेळाडूंनी संघटित होऊन २०२३ मध्ये पहिला सामूहिक वेतनकरार केला. त्यानुसार ‘ट्रिपल ए’मधील किमान वार्षिक वेतन १७,५०० डॉलरवरून ३५,८०० डॉलरवर गेले.

गोव्यातील क्रिकेटला अशी शिडी लाभली ती फार उशिरा. दिलीप सरदेसाई यांचा जन्म १९४० मध्ये मडगावात झाला, पण त्यांचे क्रिकेट घडले मुंबईत. पोर्तुगीज अमदानीतील गोव्यात त्यांच्यासाठी पायऱ्याच नव्हत्या. १ डिसेंबर १९६१ रोजी कानपूर येथे इंग्लंडविरुद्ध त्यांचे कसोटी पदार्पण झाले आणि अवघ्या अठरा दिवसांनी गोवा मुक्त झाला. १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात त्यांनी ६४२ धावा केल्या. भारताला ती मालिका जिंकून देण्यात मोठा वाटा उचलणारा हा गोमंतकीय फलंदाज स्थानिक क्रिकेटच्या नोंदींत मात्र मुंबईचाच राहिला.

१९८५-८६ च्या मोसमात गोव्याचा संघ प्रथमच रणजी करंडकात उतरला आणि राज्याची स्वतःची शिडी उभी राहिली. आज तिची रचना अशी आहे. सोळा वर्षांखालील मुलांसाठी विजय मर्चंट करंडक ही राष्ट्रीय पातळीवरील पहिली महत्त्वाची पायरी. येथे डाव्या मनगटाच्या क्ष-किरण चाचणीद्वारे हाडांचे वय तपासले जाते, त्यामुळे कागदोपत्री वय लपविणे कठीण झाले आहे. एकोणीस वर्षांखालील गटात एकदिवसीय सामन्यांचा विनू मंकड करंडक आणि चार दिवसांच्या सामन्यांचा कुचबिहार करंडक असतो. तेवीस वर्षांखालील खेळाडूंसाठी कर्नल सी. के. नायडू करंडक आणि त्यानंतर रणजी. मुलींसाठीही वयोगटांपासून वरिष्ठ संघापर्यंत अशाच पायऱ्या आहेत. गोव्याच्या संघातून पुढे आलेली शिखा पांडे २०१४ मध्ये भारतीय संघात पोहोचली. अभियांत्रिकीचे शिक्षणही तिने गोव्यातच घेतले होते.

या शिडीवरील खेळाडूचे मोल ठरवायचे कसे? बेसबॉलमधील जाणकार नुसत्या आकड्यांवर विसंबत नाहीत. खेळाडूचे वय किती, तो कोणत्या पायरीवर खेळतो आणि समोर कोण आहे, हे ते आधी पाहतात. एकोणीस वर्षांच्या मुलाने ‘डबल ए’मध्ये केलेली बेताची कामगिरी चोवीस वर्षांच्या खेळाडूने त्याच पायरीवर केलेल्या उत्तम कामगिरीपेक्षा अधिक आशादायक मानली जाते.

हा निकष गोव्याच्या सर्वांत गाजलेल्या विक्रमाला लावून पाहता येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्वरीच्या मैदानावर अरुणाचल प्रदेशाविरुद्ध स्नेहल कवठणकर (नाबाद ३१४) आणि कश्यप बखले (नाबाद ३००) यांनी तिसऱ्या गड्यासाठी ६०६ धावांची अभेद्य भागी रचली. रणजी करंडकाच्या इतिहासातील ती सर्वांत मोठी भागी. त्यापूर्वीचा ५९४ धावांचा विक्रम महाराष्ट्राच्या स्वप्नील गुगळे आणि अंकित बावणे यांच्या नावावर होता. गोव्याने २ बाद ७२७ धावांवर डाव घोषित करून एक डाव आणि ५५१ धावांनी सामना जिंकला.

विक्रम निर्विवाद मोठा आहे. परंतु त्या सामन्यात अरुणाचलचे दोन्ही डाव ८४ आणि ९२ धावांत आटोपले होते आणि सामना ‘प्लेट’ या खालच्या गटातील होता. आदल्या मोसमातील निराशाजनक कामगिरीमुळे गोव्याची त्या गटात घसरण झाली होती. याने त्या फलंदाजांचे श्रेय कमी होत नाही, कारण समोर येईल त्या गोलंदाजीवर तासन्तास एकाग्र राहणे हेही कौशल्यच आहे. मात्र खेळाडूची खरी कसोटी वरच्या पायरीवर लागते. गोव्याने ‘प्लेट’ गटातून पुन्हा ‘एलिट’ गटात स्थान मिळविले, त्याचे महत्त्व यासाठीच अधिक. बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांशी खेळल्याविना होतकरू खेळाडूला स्वतःची उंची कळत नाही.

स्थानिक पालकांच्या मनात सलणारा प्रश्न बाहेरील खेळाडूंचा आहे. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या नियमानुसार राज्य संघाला तीन पाहुणे खेळाडू घेता येतात. अधिक संधीच्या शोधात अर्जुन तेंडुलकर २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याकडे आला. एप्रिल २०२५ मध्ये यशस्वी जैस्वालनेही गोव्याकडून खेळण्यासाठी मुंबईकडे ना हरकत दाखला मागितला होता, पुढे त्याने तो निर्णय मागे घेतला. अकरापैकी तीन जागा पाहुण्यांकडे गेल्या तर उरतात आठ. २०११ च्या जनगणनेनुसार साडेचौदा लाख लोकसंख्येच्या या राज्यातील साऱ्या होतकरूंची स्पर्धा त्या आठ जागांसाठी असते.

या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. डिसेंबर २०२२ मध्ये राजस्थानविरुद्ध अर्जुनने रणजी पदार्पणातच १२० धावा केल्या, तेव्हा दुसऱ्या टोकाला गोव्याचाच सुयश प्रभुदेसाई होता. त्याने २१२ धावा काढल्या. पाहुण्या खेळाडूच्या साथीने स्थानिक खेळाडू उंचावू शकतो, याचे ते उदाहरण. म्हणून पाहुणे किती याहून, त्यांच्यामागे तेवीस वर्षांखालील गटातून पुढची फळी तयार होत आहे काय, हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो. पाहुणा एका मोसमाची उणीव भरून काढतो, पुढील दहा मोसमांची तजवीज खालच्या पायऱ्यांनीच करावी लागते.

आयपीएलमुळे या शिडीला आणखी एक टोक फुटले आहे. २००८ च्या पहिल्याच मोसमात स्वप्नील अस्नोडकरने राजस्थान रॉयल्सकडून ९ सामन्यांत ३११ धावा केल्या आणि संघ विजेता ठरला. शदाब जकातीने चेन्नईकडून नाव कमावले. सुयशला बंगळुरूने २०२१ च्या लिलावात २० लाख रुपयांच्या पायाभूत किमतीला घेतले. परंतु अमेरिकी संघ आपली रोपे स्वतः वाढवितात, तर आयपीएलमधील संघ प्रामुख्याने राज्य संघटनांनी आणि पालकांनी वाढविलेले पीक लिलावात घेतात. वाढविण्याच्या वर्षांतील खर्च ज्याचा त्यालाच सोसावा लागतो.

हा खर्च आणि जोखीम समजून घेणे आवश्यक आहे. मंडळाने २०२१ मध्ये वाढविलेल्या मानधनानुसार एकोणीस वर्षांखालील खेळाडूला दिवसाला २० हजार, तेवीस वर्षांखालील खेळाडूला २५ हजार, तर वरिष्ठ खेळाडूला अनुभवानुसार ४० ते ६० हजार रुपये मिळतात. रक्कम आकर्षक आहे, पण ती सामन्याच्या दिवसांची आहे. निवड झाली नाही तर हाती काहीच येत नाही. शिवाय सोळा आणि एकोणीस वर्षांखालील गटांची वर्षे नेमकी दहावी-बारावीच्या परीक्षांच्या आसपास येतात. पेडणे किंवा डिचोलीतील मुलाच्या बाबतीत पर्वरीपर्यंतचा रोजचा प्रवास, साहित्याचा खर्च आणि बुडणारे वर्ग यांची त्यात भर पडते. धारगळ येथे स्टेडियम उभारण्याचा विषय अनेक वर्षे चर्चेत राहिला. तथापि खेळाडू घडविण्यासाठी तालुक्याला भव्य प्रेक्षागारापेक्षा चार सरावपट्ट्या, एक प्रशिक्षक आणि संध्याकाळी घरी पोहोचविणारी बस अधिक उपयोगी पडेल.

सर्वांत पहिली पायरी मळ्यातून बाहेर पडण्याची आहे. टेनिस चेंडू हलका असतो. त्यावर आडव्या बॅटने मारलेला फटका खपून जातो. लेदर चेंडूवर तोच फटका यष्टी गमावतो. हात-पाय, नजर आणि धाडस मळ्यात तयार होते, पण सरळ बॅटने खेळण्याची आणि दिवसभर संयम राखण्याची सवय बारा-तेराव्या वर्षी लागली नाही, तर पुढे ती लावणे अवघड जाते. त्यामुळे ज्या मुलात चमक दिसते त्याला वेळीच लेदर चेंडूच्या सरावाकडे नेणे, ही गावातील क्लबांना सहज करता येण्याजोगी आणि सर्वाधिक फलदायी गोष्ट ठरेल.

त्याचबरोबर शाळेचे दप्तर मात्र सुटता कामा नये. अमेरिकेतील कनिष्ठ खेळाडूची वाट मध्येच संपली, तरी तोवर त्याला कराराचा आधार असतो. आपल्याकडे त्या आधाराची जागा शिक्षणाने भरून काढावी लागते. मळ्यात षटकार मारणाऱ्या दहा मुलांपैकी एखादाच पर्वरीच्या मैदानावर उतरेल. उरलेल्या नऊ जणांचे वर्ष वाया गेले नाही, तर ही शिडी त्यांच्याही उपयोगी पडली असे म्हणता येईल.