खेकड्याची प्रतिकृति

खेळण्यांतली आगगाडी म्हणजे पोरखेळ, अशी पुष्कळ वडील मंडळींची समजूत असते. परंतु ज्या कामांत केसाएवढी चूक डोळ्यांस खुपते, त्यास पोरखेळ म्हणणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

नव्या मुंबईंतून पनवेल-कर्जतमार्गें पुण्यास जाणाऱ्या वाचकांस बोरघाट परिचित आहेच. १९२८ पासून आपल्याकडे आलेलीं विजेचीं एंजिनें त्या घाटांत कित्येक दशकें मालगाड्या ओढीत असत. उभीं असतां तीं कण्हत, चालतांना त्यांच्या दांड्या सळसळत. म्हणून चालक त्यांस ‘खेकडा’ म्हणत. आतां तीं धांवत नाहींत. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयांत मात्र त्यांतील ‘सर लेस्ली विल्सन’ पाहावयास मिळतें.

हा खेकडा १/८७ प्रमाणांत घरीं करावयाचा तर त्याच्या भाऊबंदाची, म्हणजे स्वित्झर्लंडच्या प्रसिद्ध ‘मगर’ एंजिनाची, तयार प्रतिकृति घेतां येते. परंतु मगरीस चाकांच्या आठ जोड्या, खेकड्यास सहा. तेव्हां दोन्ही टोकांच्या लहान चाकांस प्रथम रजा द्यावी लागते. नंतर नाक कापावें, नवें तोंड जोडावें, सांधा पुट्टीनें भरून बारीक कानशीनें घासावा. सांच्यांतच उठलेले हातदांडे तासून तेथें पितळी तार बसवावी. खरा दांडा ३० मिलिमीटर जाड असेल, तर तार सुमारें ०.३५ मिलिमीटरचीच हवी. रंगाचा हात जाड पडला कीं रिव्हेटांचीं डोकीं बुडालींच! वस्तु महाग, म्हणून करवत लावण्यापूर्वीं तीनदां मापावें.

खरी अडचण रुळांची. आपल्या रुंद मार्गाचें अंतर १६७६ मिलिमीटर. त्यास ८७ नें भागतां सुमारें १९.३ येतात. बाजारांतील तयार रूळ मात्र युरोपच्या १४३५ च्या मापानें केलेले, म्हणजे १६.५ मिलिमीटरचे. बहुतेक हौशी लोक येथें तडजोड करतात, व आमच्या मतें ती क्षम्य आहे. परंतु चाकांशीं मेळ घालण्यासाठीं एंजिनाचें अंगही बारीक करणें क्षम्य नव्हे. तसें केल्यास तें ना स्विस राहतें, ना आपलें.

लहान रेल्वेचें जग कसें असतें हें ज्यांस पाहावयाचें असेल, त्यांनीं मुलांसह पुण्यास कोथरूडजवळील जोशी यांचें १९९८ सालीं उघडलेलें संग्रहालय अवश्य पाहावें. आणि घरीं परतल्यावर मुलांच्या हातीं फुटपट्टी व कानस द्यावी. ज्या नातवानें खरा खेकडा कधीं पाहिला नाहीं, तो प्रतिकृतीसच खरी मानणार. तिच्यांतील चूक त्याच्यापुरती इतिहासांतील चूक होय.