झिंगाट तेच, पण जात कुठे गेली?

29 एप्रिल 2016 रोजी नागराज मंजुळे दिग्दर्शित 'सैराट' प्रदर्शित झाला आणि करमाळ्याच्या मातीतली आर्ची-परश्याच्या जातीपलीकडच्या प्रेमाची गोष्ट घरोघरी पोचली. पुढे ती इतर भाषांतही गेली. कन्नड 'मनसु मल्लिगे'त तर रिंकू राजगुरूच पुन्हा नायिका होती.

सर्वांत गाजलं ते 2018चं हिंदी रूप, 'धडक'. संगीत अजय-अतुल यांचंच, 'झिंगाट'ही तेच. करमाळ्याचं उदयपूर झालं, पळून गेल्यानंतरच्या हैदराबादचं कोलकाता. पण खरा फरक खोल आहे. मंजुळे यांच्या चित्रपटात, वर्गात दलित कवितेचा तास चालू असताना पाटलांचा पोरगा शिक्षकाच्याच कानाखाली वाजवतो. त्या एका थपडेत गावाची सगळी उतरंड दिसते. 'धडक'मध्ये जातीचा उल्लेख येतो आणि निसटतो. ठळक राहते ती श्रीमंती-गरिबीची दरी. ही उणीव मोठी आहे, कारण जात हाच गोष्टीचा कणा होता.

अमेरिकेत वर्णभेदावरच्या 'हेअरस्प्रे'चाही असाच प्रवास झाला: 1988चा चित्रपट, 2002ची ब्रॉडवे संगीतिका, 2007चा पुन्हा चित्रपट. काळ 1962चा, शहर बाल्टिमोर. शेवटी काळी-गोरी मुलं टीव्हीवर एकत्र नाचतात. ज्या 'बडी डीन शो' या टीव्ही कार्यक्रमावरून ही कथा सुचली, तो मात्र एकत्र नाचाचा तिढा न सुटल्याने 1964 मध्ये बंद पडला.

मंजुळे यांनी असा सुखान्त नाकारला. इतका वेळ गाण्यांनी भरलेल्या चित्रपटाचा आवाज त्यांनी शेवटी पूर्ण बंद केला. 'धडक'ने मात्र नायिकेला जिवंत ठेवलं.